गाळातून उभं राहिलेलं अभयारण्य

आपल्या किनवटला अभयारण्य म्हटलं की पैनगंगेकाठचं सागाचं जंगल आठवतं. आजची गोष्ट मात्र पाणथळ गवताळ जागेची आहे. त्यासाठी नाशिक जिल्ह्यात जाऊ, निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला गेला, तो कालव्यांसाठी. पक्षी कुणाच्या डोक्यातही नव्हते. पण नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, गवत आणि पाणकणीस माजलं. इंजिनिअरला नको असलेल्या त्याच गाळात पक्ष्यांना चारा मिळाला. 1986 मध्ये तिथं अभयारण्य झालं, आणि जानेवारी 2020 मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

आता अशी जागा राखायची कशी? कुंपण घातलं की झालं? राजस्थानात भरतपूरला 1982 मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. लोक चिडले, गोळीबारात माणसं मेली. आणि झालं काय? गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी झाकून गेलं. म्हशी गवत खाऊन पाणी मोकळं ठेवत होत्या, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासानं दाखवून दिलं. म्हणजे किती चरू द्यायचं, किती कापायचं, हे दरवर्षी बघूनच ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना घोटाभर पाणी पुरतं. ते एकदम चढलं तर त्यांचं ताटच बुडतं. नांदूर मध्यमेश्वरच्या वर गंगापूर, दारणा ही धरणं, खाली आपलं जायकवाडी. तुटीच्या वर्षी 15 ऑक्टोबरचा साठा बघून वरून पाणी सोडायचं ठरतं. ते याच बंधाऱ्यातून खाली येतं, आणि हिवाळी पाहुणे उतरायचे दिवसही नेमके तेच.

मी मराठवाड्याचा माणूस. ते पाणी आपल्या हक्काचं आहे, ते मागणारच. पण किती सोडायचं यावर एवढं भांडतो, तर कसं सोडायचं, एकदम की टप्प्याटप्प्यानं, हेही विचारू या. थेंबही कमी न करता तेवढं जमण्यासारखं आहे.

भेटू पुढच्या भागात.