नजरेचा माग आणि त्याची किंमत

वाचताना डोळे ओळीवरून सलग सरकत जातात, या रूढ समजाला १८७८-७९ च्या सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांच्या प्रयोगशाळेतील निरीक्षणांनी तडा दिला. डोळा एका जागी क्षणभर ठरतो, झटक्यात पुढे झेपावतो आणि पुन्हा ठरतो, असे तेथे दिसून आले. या झेपेला ‘सॅकेड’ म्हणतात. दृष्टिपटलाच्या मध्यावरील एका लहानशा खळगीतच बारकावे नीट उमटतात, त्यामुळे डोळ्याला ही धावपळ चुकत नाही आणि नजर कोठे ठरली हे कळले की लक्ष कोठे होते याचाही बराच अंदाज बांधता येतो.

मात्र ही हालचाल नोंदवणे सोपे नव्हते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडमंड ह्यूई यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर डोळा कोकेनने बधिर करून त्यावर प्लास्टरची वाटी बसवली, वाटीला हलकी दांडी जोडली आणि तिच्या टोकाच्या ॲल्युमिनियमच्या काट्याने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघा ओढवून घेतल्या. आज अशा प्रयोगाला कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही. १९०१ मध्ये रेमंड डॉज आणि थॉमस क्लाइन यांनी डोळ्याला हात न लावता, पारपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यावरून, परावर्तित होणारा प्रकाश सरकत्या छायाचित्र-काचेवर टिपला, आणि पुढील बहुतेक यंत्रांचा पाया घातला गेला. त्यानंतरच्या काळात अचूकता वाढत गेली, पण तिच्याबरोबर यंत्रांची किंमतही चढली आणि अशी सामग्री मोजक्या श्रीमंत प्रयोगशाळांपुरतीच राहिली.

किमतीचे कारण तत्त्वात नव्हते. अवरक्त दिव्याच्या प्रकाशात, म्हणजे माणसाला न दिसणाऱ्या तांबड्यापलीकडच्या प्रकाशात, बाहुली काळीभोर दिसते आणि पारपटलावर दिव्याचा लखलखीत ठिपका उमटतो. बाहुलीचे केंद्र आणि हा ठिपका यांतील अंतर मोजायचे, पडद्यावरील ठरावीक बिंदूंकडे पाहायला लावून हिशेब एकदा जुळवून घ्यायचा, आणि पुढे नजरेची जागा गणिताने काढायची. महाग होता तो वेगवान कॅमेरा आणि कंपन्यांनी कुलूपबंद ठेवलेले सॉफ्टवेअर.

कॅमेरा आधी स्वस्त झाला. आयोवा स्टेट विद्यापीठातील ‘ओपनआइज’ प्रकल्पाने २००५-०६ मध्ये बाजारात सहज मिळणाऱ्या भागांपासून डोक्यावर बसणारे यंत्र बनवून त्याची आज्ञावली मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येईल अशी, जाहीर केली. २००९ चा ‘आयरायटर’ याहून धीट म्हणावा लागेल. स्नायू निकामी करणाऱ्या ए.एल.एस. या आजाराने जखडलेले लॉस एंजेलिसचे ग्राफिटी-चित्रकार टोनी क्वान यांना डोळ्यांनी चित्र काढता यावे, म्हणून कलावंत आणि प्रोग्रॅमर यांनी चष्म्याच्या चौकटीवर प्लेस्टेशन या खेळयंत्राचा कॅमेरा बसवला. त्यातील अवरक्त प्रकाश अडवणारी चकती काढून तिच्या जागी काळ्या पडलेल्या फोटो-फिल्मचा तुकडा लावला. सामग्रीचा खर्च सुमारे ५० डॉलर होता.

तरी स्वस्त म्हणजे मुक्त नव्हे, आणि या इतिहासातील खरा धडा तोच आहे. कोपनहेगनच्या ‘आय ट्राइब’ने ९९ डॉलरचे यंत्र आणले तेव्हा अनेक लहान प्रयोगशाळांनी ते घेतले, परंतु २०१६ च्या अखेरीस फेसबुकच्या ऑक्युलसने ती कंपनी विकत घेतली, विक्री थांबली आणि आतील गणना बंदिस्त असल्याने वापरणाऱ्यांच्या हाती दुरुस्तीची वाट उरली नाही. एमआयटीतील प्रबंधातून उगवलेल्या ‘प्युपिल’ या नजर टिपणाऱ्या यंत्राची, तसेच एडविन डालमायर, सेबास्टियान माथोट आणि स्टेफान फान डेर स्टिखेल यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या ‘पायगेझ’ या पायथन भाषेतील साधनाची गोष्ट वेगळी: आज्ञावली उघडी असल्याने तिच्या कर्त्यांनी काम सोडले तरी ती दुसऱ्याला पुढे नेता येते.

मर्यादा अर्थातच राहतात. वाचताना होणारी सॅकेड जेमतेम ३० मिलिसेकंदांची असते आणि सेकंदाला ६० चौकटी टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या दोन चौकटींत सुमारे १७ मिलिसेकंदांचे अंतर पडते, त्यामुळे पाहणाऱ्याने कोणत्या चित्राकडे आधी पाहिले हे त्यावर कळते, पण झेपेचा वेग कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१६ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील मेंदू-संशोधकांनी कारखान्यांत तपासणीसाठी वापरला जाणारा, सेकंदाला शेकडो चौकटी टिपणारा कॅमेरा घेऊन ‘ऑक्युलोमॅटिक’ हे यंत्र उभारले आणि त्याचीही आज्ञावली खुली ठेवली.