माघार घेऊनही नंबर न गमावणारे कुलूप

पडद्यावर एखादी खिडकी सरकवली, तरी ग्राफिक्स कार्डाला एकदम अनेक बफर, म्हणजे मेमरीचे तुकडे, लागतात. काम कार्डाकडे सोपवले जाईपर्यंत त्यांना कोणी हलवू नये म्हणून लिनक्सचा ड्रायव्हर ते आधी राखून ठेवतो. या राखण्याचे कूळ मात्र ग्राफिक्सचे नाही, डेटाबेसचे आहे.

१९९९च्या सुमारास लिनक्समध्ये ग्राफिक्स कार्ड हाताळण्याची व्यवस्था आकाराला आली, तेव्हा अख्ख्या कार्डाला एकच कुलूप होते. ते ज्याच्या हाती, कार्ड त्याचे. २००९मध्ये, लिनक्स २.६.३१बरोबर, टीटीएम हा मेमरी-व्यवस्थापक आला. त्यात बफर एकेक करून राखता येऊ लागले, आणि तिढाही तिथेच होता. एकाने पहिला बफर धरला, त्याला दुसरा हवा. दुसरा ज्याच्या ताब्यात, तो पहिल्यासाठी अडलेला. दोघेही कायमचे ताटकळणार. कुलपे ठरलेल्या क्रमानेच लावायची, हा नेहमीचा उपाय इथे चालत नाही, कारण बफरांची यादी प्रोग्राम देतो आणि तिचा क्रम त्याच्या मर्जीचा.

तोडगा १९७८ सालीच निघाला होता. रोझेनक्रँट्झ, स्टर्न्स आणि लुईस यांनी अनेक यंत्रांवर विखुरलेल्या डेटाबेससाठी नियम मांडले: प्रत्येक व्यवहाराला सुरुवातीलाच नंबर द्यायचा आणि वाद झाला की जुन्या नंबराचा मान राखायचा. ‘वेट-डाय’मध्ये जुना वाट पाहतो, नवा माघार घेतो. ‘वूंड-वेट’मध्ये जुना नव्याला माघार घ्यायला लावतो, आणि नव्याला जुन्याकडून काही हवे असेल तर तो थांबतो.

टीटीएमने यातली पहिली रीत उचलली. २०१३मध्ये मार्टेन लँकहोर्स्ट यांनी ती टीटीएमबाहेर काढून लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सर्वांसाठी खुली केली, लिनक्स ३.११मध्ये. गंमत म्हणजे तिचे नाव पडले ‘वूंड/वेट म्युटेक्स’ (म्युटेक्स म्हणजे कुलूप), पण आत चालत होते वेट-डाय! नावाप्रमाणे वागणारी रीत २०१८मध्ये थॉमस हेलस्ट्रॉम यांनी घातली.

माघार घेणारा हातातली सगळी कुलपे सोडतो, अडलेल्या बफरची वाट पाहतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. नंबर मात्र जुनाच ठेवतो. म्हणून आज हटलेला उद्या सर्वांत जुना ठरतो, आणि मग त्याला हटवणारा कोणी उरत नाही.