देवधान (रानटी भात)

लागवडीच्या भाताचा (पहा : भात) तळ्याकाठी व पाणथळ जागी आपोआप उगवणारा रानटी आप्त. ओरायझा निव्हारा ही वर्षायू आणि ओरायझा रुफिपोगॉन ही बहुवर्षायू अशा दोन जाती त्यात येतात. भारतीय भाताची उत्पत्ती याच गटातून मानतात. धान व तलावांच्या पूर्व विदर्भात, उदाहरणार्थ रामटेक परिसरात, माजी मालगुजारी तलावांचे (पहा : मामा तलाव) उथळ काठ हा त्याचा अधिवास. लोंबीला लांब, बहुधा तांबूस कुसळे असतात. दाणे एकदम पिकत नाहीत आणि पिकताच हात लागला तरी गळतात. म्हणून कापणीला ते निरुपयोगी, पण निसर्गात तगायला हाच गुण उपयोगी.

देवधान व भात या दोन्हींची गुणसूत्रे २४ आणि जनुकसंच एकाच (एए) प्रकारचा असल्याने त्यांचा संकर सुलभ होतो. याचा ठोस पुरावा म्हणजे खुरट्या रोगाच्या एका विषाणूला रोखणारे जनुक. हजारो नमुने तपासल्यावर ते उत्तर प्रदेशातल्या निव्हाराच्या एकाच नमुन्यात सापडले आणि भाताच्या १९७६ च्या आयआर ३६ वाणात उतरले. एका तळ्यावरचा नमुना दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, ते यामुळेच. देवधान व भात यांच्या याच संकराने बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या शेतात) तणभात माजतो, हा शेतकऱ्याचा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय बांधीतली निंदणी, तलावकाठ साफ करणे नव्हे. बियाणे शीतगृहात (पहा : जनुक पेढी) ठेवले की पुरे, हे म्हणणे मात्र अपुरे : साठवलेले बी नव्या रोगांशी, बदलत्या पावसाशी झुंजत नाही; काठावरचे दरवर्षी झुंजते. गाळ उपसताना आणि बेशरम हे झुडूप पसरताना हा काठच आधी जातो.