गाणाराच मच्छिंद्र

तिसगावातून मढीच्या वाटेला लागलं की गर्भगिरीचे डोंगर समोर उभे राहतात. मढीला कानिफनाथांची समाधी. पलीकडे बीडच्या आष्टी तालुक्यात सावरगावचा मायंबा, म्हणजे मच्छिंद्रनाथ. वृद्धेश्वरही याच डोंगरात. आमच्याकडे नाथांच्या गोष्टी पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. श्रावणात घरोघर 'नवनाथ भक्तिसारा'ची पोथी लागते आणि चाळीस अध्याय कानावरून जातात. मी भजनात पेटी धरतो, त्यामुळे पोथी ऐकतानाही माझं लक्ष सुराकडे. म्हणूनच प्रभात फिल्म कंपनीचा 'माया मच्छिंद्र' हा बोलपट मला जवळचा.

त्यातली स्त्रीराज्याची गोष्ट म्हणजे अस्सल परीकथा. मारुतीच्या भुभुःकारामुळे तिथं पुरुष टिकत नाही. राणीनं मात्र मच्छिंद्रनाथाला ठेवून घेतलं. गुरूला सोडवायला चेला गोरक्ष निघतो तो कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात शिरून, मृदंग वाजवत. भर दरबारात मृदंगातून त्याचे बोल उमटतात आणि सिंहासनावरचा गुरू दचकतो. चेला दिसण्याआधी ऐकू येतो. बोलपटाला याहून सोयीची गोष्ट शोधून सापडली नसती.

'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट 14 मार्च 1931 ला मुंबईत लागला. कोल्हापूरच्या प्रभातनं 1932 च्या फेब्रुवारीत 'अयोध्येचा राजा' आणला आणि त्याच वर्षी दिग्दर्शक शांतारामबापूंनी 'माया मच्छिंद्र' केला, मराठीत आणि हिंदीतही. आधार मणिशंकर त्रिवेदींच्या 'सिद्धसंसार' नाटकाचा.

पात्रं नेमायची तर आधी गळा बघावा लागे, कारण पार्श्वगायन तेव्हा नव्हतंच. नट कॅमेऱ्यापुढे उभा राहून बोलणार, तिथंच गाणार आणि त्याच क्षणी ते फिल्मवर उतरणार. पेटी-तबलेवाले चौकटीबाहेर, मायक्रोफोन कुठंतरी आडोशाला. पेटीवाला म्हणून मला यातली अडचण लगेच कळते. साथ जवळ बसली तर चित्रात दिसते, लांब गेली तर गाणाऱ्याला सूर नीट मिळत नाही. नटानं मान वळवली की आवाज बारीक होतो. शेवटच्या ओळीत कुणी खोकला की गाणं पहिल्यापासून. नाटकात चूक झाली तर पुढच्या तानेत झाकता येते; इथं ती फिल्मवर चिकटून बसायची. प्रभातचे विष्णुपंत दामले मूळचे पडदे रंगवणारे आणि यंत्रं जुळवणारे कारागीर, पण ध्वनीचं काम त्यांनी अंगावर घेतलं. नेपथ्य फत्तेलालांचं. गुहा असो की दरबार, आवाज सांभाळून उभारायचं.

मच्छिंद्र झाले गोविंदराव टेंबे. जन्म 1881 चा, म्हणजे वय पन्नाशीपार. मूळचे पेटीवादक, तेही साधेसुधे नव्हेत. 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या, 1911 सालच्या. गंधर्व नाटक मंडळी काढणाऱ्या तिघांतले ते एक. 'माया मच्छिंद्र'चं संगीतही त्यांचंच. चाल लावणारा आणि ती पडद्यावर गाणारा माणूस एकच, ही चैन पुढं फार कुणाला मिळाली नाही. रंगभूमीवर एक पद वन्समोअर घेत घेत रात्र खाई. बोलपटात फिल्मची लांबी मोजावी लागते. मैफलीत मुरलेल्या या माणसाला स्वतःचीच चाल आखडती घ्यावी लागली असणार, असा माझा कयास आहे.

राणी झाल्या दुर्गा खोटे, वय सत्तावीस, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या. घरंदाज बाईनं सिनेमात जायचं म्हणजे त्या काळी केवढा गहजब! 'अयोध्येचा राजा'त टेंबे हरिश्चंद्र आणि त्या तारामती होत्या. काही महिन्यांत तीच जोडी जोगी आणि राणी झाली. तारामतीला रडावं लागलं, इथं मात्र पायाशी पाळीव चित्ता घेऊन हुकूम सोडायचे. खोट्यांची तालीम काही नाटक कंपनीतली नव्हती, पण त्या पडद्यावर स्वतः गायल्या. टेंबे समोर असल्यावर कच्चा सूर चालला नसता, एवढं नक्की.

गोरक्ष होते मास्टर विनायक, सव्वीस वर्षांचे. 'अयोध्येचा राजा'त नारद, म्हणजे तिथंही गाणंच. पुढं 'ब्रह्मचारी' हा चित्रपट काढणारे ते हेच. गुरू पन्नाशीचा आणि चेला पंचविशीचा, हे मला फार पटतं. आमच्या पोथीतला गोरक्षही गुरूशी हुज्जत घालणारा, तरुण रक्ताचा.

प्रभात 1933 ला पुण्यात आली. 1935 ला कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायन आणलं आणि चेहरा एकाचा, गळा दुसऱ्याचा अशी वाटणी हळूहळू सगळीकडे सुरू झाली. गाणी सुरेल झाली हे मी पेटीवाला असूनही नाकारणार नाही. आवाजांची निवड करायला मोकळीक मिळाली. पण 'माया मच्छिंद्र' पाचसात वर्षं उशिरा निघाला असता तर एखादा देखणा नट जोगी झाला असता आणि गोविंदरावांना पडद्यामागं पेटीवर बसवलं असतं.