प्रवासी नसलेल्या वाहनाचे सस्पेन्शन : ट्रॅव्हल ट्रेलरचा इतिहास

मोटारीच्या सस्पेन्शनवर पुस्तकांत बरेच लिहिलेले असते. आज आपण त्याच्या एका दुर्लक्षित शाखेचा इतिहास पाहू. मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर. आपल्या रस्त्यांवर तो क्वचित दिसतो. अमेरिकेत मात्र १९२० आणि १९३० च्या दशकांत मोटारींबरोबर त्याचाही प्रसार झाला.

प्रश्न साधा आहे. ट्रेलर खड्ड्यांतून आपटत जातो, आतली भांडी फुटतात, कपाटांचे स्क्रू ढिले होतात. उपाय काय? वर्गात विचारले की पहिले उत्तर हमखास येते : "सर, एक पाटा वाढवा." हे उत्तर बहुतेक वेळा का चुकते, ते या इतिहासातून कळते.

१. बग्गीकडून आलेला वारसा

१८०४-०५ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट यांनी घोडागाडीसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांची स्प्रिंग आणली. पाट्यांची स्प्रिंग पुढे मोटारीत आली आणि तिथून ट्रेलरमध्ये. ती स्वस्त आहे, अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवते आणि पाटे एकमेकांवर घासत असल्याने थोडेफार अवमंदनही करते.

मात्र हेच घर्षण अडचणही करते. लहान धक्क्याला पाटे सरकतच नाहीत. स्प्रिंग जणू लोखंडी दांडा होते आणि ट्रेलर फक्त टायरच्या हवेवर उसळतो. पाटा वाढवला की ताठरता आणि घर्षण दोन्ही वाढतात.

आता थोडे गणित. उभ्या वाहनाच्या वजनाने स्प्रिंग जितकी दबते, तो तिचा स्थिर दाब-अंतर. ते सेंटिमीटरमध्ये घेतले, तर

वारंवारता (हर्ट्झ) ≈ ५ ÷ √(दाब-अंतर)

दाब-अंतर ९ सेंमी असेल तर वारंवारता सुमारे १.७ येते. जादा पाट्यांमुळे ते ४ सेंमी झाले तर २.५ येते. रस्त्याच्या उंचवट्याने स्प्रिंग आणखी तितकीच दबली, तरी वरच्या घराला मिळणारे त्वरण आता सव्वादोन पट असते. म्हणजे स्प्रिंग बळकट झाली, पण आतले कपाट खिळखिळे झाले.

२. तक्रार करायला कोणीच नाही

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस ऑली हे अभियंते कॅडिलॅकमध्ये सस्पेन्शनवर काम करत होते. वजने मागेपुढे सरकवता येतील अशी एक प्रायोगिक मोटार त्यांनी तयार केली. योग्य मोजमाप-साधने हाताशी नव्हती, म्हणून ते आणि त्यांचे सहकारी मोटारीत बसून कोणत्या रचनेत बरे वाटते ते स्वतःच ठरवत. मोजमापाचे साधन म्हणजे माणूसच!

ट्रेलरमध्ये चालत्या वाटेवर कोणी बसत नाही. त्यामुळे धक्के जाणवत नाहीत. मुक्कामी दार उघडल्यावर फक्त परिणाम दिसतात. ट्रेलरमधील सुधारणा मोटारीच्या मागे राहिल्या, याचे एक कारण माझ्या मते हेच असावे.

शिवाय ट्रेलरचे पुढचे टोक मोटारीला जोडलेले असते. चाक उचलले की सगळा सांगाडा त्या जोडाभोवती फिरतो. जोडापासून जितके दूर, तितके विस्थापन जास्त. म्हणून मागच्या टोकाचे सामान सर्वांत जास्त उडते.

३. जोडातच उशी

या जोडाकडे लक्ष दिले ते विमान-निर्माते ग्लेन कर्टिस यांनी. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एरोकार हा ट्रेलर आणला. त्याच्या जोडात हवा भरलेले टायर आडवे बसवले होते आणि ट्रेलरचा खुंटा त्याच्या मध्यभागी टेकत असे. मोटार व ट्रेलर एकमेकांना देत असलेले हिसके ते टायर शोषून घेई.

४. पोलादाऐवजी रबर

पुढचा टप्पा रबर टॉर्शन अ‍ॅक्सलचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्विस अभियंते हेरमान नाइडहार्ट यांनी या प्रकारच्या स्प्रिंगचा विकास केला. चौकोनी नळीत दुसरा चौकोनी दांडा ४५ अंशांत फिरवून बसवतात आणि कोपऱ्यांत रबराच्या कांड्या दाबून भरतात. चाकाचा हात वर गेला की दांडा फिरतो आणि रबर चिरडले जाते. सुरुवातीला मऊ, पुढे अधिकाधिक ताठ, असा तिचा स्वभाव. पाट्यांचे घर्षण नाही. अवमंदन रबराच्या अंगचे. वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या अ‍ॅल्युमिनियम ट्रेलरमध्ये असा अ‍ॅक्सल स्वीकारला.

पण याचीही किंमत आहे. रबर म्हातारे होते, हात कायमचे वर झुकतात, आणि मग सहसा पूर्ण अ‍ॅक्सलच बदलावा लागतो. दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये पाट्यांच्या मधोमध तराजूच्या दांडीसारखा एक तुकडा असतो. तो भार दोन्ही चाकांत वाटतो. स्वतंत्र रबर अ‍ॅक्सलमध्ये ही सोय नसते.

५. निष्कर्ष

या सर्व टप्प्यांतून एकच गोष्ट शिकायची : भार पेलण्याची ताकद आणि धक्का शोषण्याची क्षमता हे दोन वेगळे गुण आहेत. म्हणून आधी ट्रेलरचे भरलेले वजन मोजा. ते मर्यादेपेक्षा जास्त असेल तर सामान कमी करा. तीन टनांची स्प्रिंग दोन टनांच्या ट्रेलरखाली असेल तर ती दोन-तृतीयांशच दबेल. तिथे योग्य क्षमतेची स्प्रिंग लावा. उसळी थांबत नसेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर जोडा. पाटा वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी.

स्वाध्याय : वरील सूत्र वापरून १.२५ हर्ट्झसाठी लागणारे दाब-अंतर काढा. तेवढी मऊ स्प्रिंग ट्रेलरला देताना कोणत्या अडचणी येतील, ते चार ओळींत लिहा.