दुष्काळ जाहीर होण्याआधीच लेकरं दगावतात. सोमालियात २०११ साली काय घडलं?

आपल्याकडे दुष्काळ म्हटलं की पाऊस, पीक आणि पैसेवारी आठवते. संयुक्त राष्ट्रांचा उपासमारीच्या दुष्काळाचा हिशोब वेगळा आहे. तीन गोष्टी एकदम दिसल्या तरच तो जाहीर होतो:

• पाचातल्या किमान एका घरात अन्नाची टोकाची टंचाई
• ५ वर्षांखालील किमान ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित
• १० हजार लोकांमागे रोज किमान २ मृत्यू

म्हणजे जाहीर होईपर्यंत मरण सुरू झालेलं असतं.

सोमालियात काय झालं?
२०१० च्या शेवटचा पाऊस हुकला. २०११ चा एप्रिल ते जूनचा पाऊसही दगा देऊन गेला. दक्षिणेतल्या पट्ट्यातली ज्वारी गेली, भाव भडकले, जनावरं मेली. त्यात यादवी, आणि अल-शबाब या सशस्त्र संघटनेने अनेक मदत संस्थांना अडवलं. इशारे २०१० पासूनच मिळत होते, पण मदत पुरेशी आली नाही. २० जुलै २०११ रोजी दोन भागांत दुष्काळ जाहीर झाला. नंतरच्या अभ्यासानुसार ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात सुमारे २ लाख ५८ हजार माणसं गेली. त्यात १ लाख ३३ हजार ५ वर्षांखालची लेकरं होती.

मुलं आधी का जातात?
त्यांच्या अंगात साठा कमी असतो. उपाशी लेकराला साधी हगवण किंवा गोवरही झेपत नाही.

कसं ओळखायचं?
६ महिने ते ५ वर्षांच्या मुलाच्या दंडाला रंगीत पट्टी लावतात. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. ११.५ ते १२.५ म्हणजे पिवळा, मध्यम. दोन्ही पायांवर सूज असेल तर तेही तीव्रच. असं लेकरू गुटगुटीत वाटतं, फसू नका.

उपचार काय?
मूल खात असेल आणि दुसरा आजार नसेल, तर शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वांची तयार पेस्ट घरीच देतात. तिच्यात पाणी घालावं लागत नाही, म्हणून छावणीतही ती लवकर खराब होत नाही. जेवण तोडलेलं, तापलेलं किंवा सुजलेलं मूल मात्र दवाखान्यातच न्यावं लागतं.

हीच दंडघेराची पट्टी आपल्या अंगणवाडीतही असते. लेकराचा दंड मोजून घ्या. लाल आला तर सेविकाताईंना पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल त्याच दिवशी विचारा.