नमुना एक, कागद हजार



सातबाराचा उतारा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून तो झाला. सातमध्ये जमिनीवर हक्क कोणाचा, बारामध्ये पीक कोणते. खातेदार कोणीही असो, रकाने तेच आणि त्यांच्या जागाही त्याच. म्हणून तर परक्या गावचा उतारा हाती आला तरी नजर नेमक्या ठिकाणी जाते. या ‘नमुना’ शब्दाचीच गोष्ट आज सांगायची आहे. मात्र महसुलाची नव्हे, छपाईची. यंत्रांची माहितीपुस्तके, कारखान्यांचे अहवाल, शास्त्राचे ग्रंथ ज्या साच्यांत बसवून छापतात, ते साचे आले कुठून?

पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे असत. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. दोन शब्दांत जागा किती सोडायची, मथळा केवढा घ्यायचा, हे सारे त्याच्या हातात आणि डोळ्यात मुरलेले असे. पण गणित आले की कसोटी लागे. दोनचा दहावा घात म्हणजे १०२४. आता दोनच्या डोक्यावरचा तो लहानसा दहा जरा खाली घसरला, तर काय होईल? होतील दोनशे दहा! इंजिनाच्या किंवा औषधाच्या पुस्तकात असे झाले, तर ती नुसती छपाईची चूक राहत नाही, बरं का.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात डोनाल्ड कनूथ नावाचे प्राध्यापक होते. संगणकाला कामे कशी सांगावीत, यावर ते अनेक खंडांचा ग्रंथ लिहीत होते. पहिला खंड १९६८ साली निघाला. मोनोटाइप यंत्रावर, धातूच्या खिळ्यांनी जुळवलेला तो खंड देखणा होता. पुढे तऱ्हा बदलली. खिळे मागे पडले, छायाचित्राच्या तंत्राने अक्षर जुळवणारी यंत्रे आली. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या सुधारलेल्या आवृत्तीची मुद्रिते कनूथ यांच्या हाती पडली, आणि त्यांचे मन खट्टू झाले. ते पहिले देखणेपण कुठेच नव्हते.

त्याच सुमारास त्यांनी एका नव्या यंत्राची छपाई पाहिली होती. त्यात अक्षर अगदी बारीक ठिपक्यांनी उमटे. ठिपका आहे किंवा नाही, एक किंवा शून्य. म्हणजे हा तर संगणकाचाच प्रांत! कनूथ यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि संगणकाकडून जुळणी करून घेण्याची आज्ञावली लिहायला घेतली. वर्षभरात उरकेल असे वाटले होते. लागली सुमारे दहा वर्षे. नाव ठेवले ‘टेख’. ज्या ग्रीक शब्दावरून ते घेतले, त्यात कला आणि तंत्र हे दोन्ही अर्थ आहेत.

गुरुजींना यातली एक युक्ती आवडेल. टेख एकेक ओळ भरून पुढे जात नाही. आधी सबंध परिच्छेद पाहते. शब्दांतली जागा फार ताणली, दंड. फार दाबली, दंड. शब्द मध्येच तोडला, त्याचाही दंड. मग ज्या मांडणीत एकूण दंड कमी, ती पसंत करते. एका ओळीने थोडी अडचण सोसावी आणि पुढच्या चार ओळींचे भले व्हावे, हा आपल्या घरातलाच न्याय झाला की नाही?

पण अवजार उत्तम झाले तरी ते प्रत्येकाने नव्याने का परजावे? लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टेखवर आधारलेले ‘लाटेख’ रचले. त्याचे पुस्तक १९८६ साली आले. ‘ही ओळ ठळक कर, ती मोठी कर’ असे लेखकाने सांगू नये. ‘हा मथळा, हा तक्ता, ही टीप’ एवढेच सांगावे. ती दिसावी कशी, ते साच्यात एकदाच ठरलेले असावे. हा विचार ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’मध्ये आधीच आला होता. लाटेखने तो दूरवर नेला. लेख, अहवाल, ग्रंथ, पत्र, प्रत्येकाला वेगळा साचा.

व्यापारात याचा उपयोग मोठा. समजा, पाण्याच्या पंपाचे दोनशे पानी माहितीपुस्तक दहा जणांनी मिळून लिहिले. तरी धोक्याची सूचना सगळीकडे एकाच चौकटीत येते. मध्ये नवे प्रकरण घातले, तर अनुक्रमणिका आणि ‘आकृती सात पाहा’ यांतले आकडे आपोआप बदलतात. लिहिणाऱ्याने फक्त पंपाचा विचार करावा.

मात्र विटांचा साचा वाकडा असेल, तर भट्टीतली प्रत्येक वीट वाकडीच निघणार. म्हणून साचा करणाऱ्याची जबाबदारी लिहिणाऱ्याहून जास्त. वाचणारा आधी काय शोधील? सर्वांत लांब नाव रकान्यात मावेल का? आपली मराठी तर वर मात्रा, खाली उकार अशी दुमजली. इंग्रजीसाठी आखलेल्या साच्यात ती तशीच ओतली, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थेस यांनी १९९१ साली टेखसाठी देवनागरीची सोय केली. पण मजकूर रोमन अक्षरांत टिपावा लागे. २००४ साली जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेख’ने सरळ देवनागरीत लिहिलेला मजकूर जुळवण्याची वाट मोकळी केली.

कनूथ यांनी आणखी एक गोष्ट केली. टेखमधली चूक दाखवणाऱ्याला त्यांनी २ डॉलर ५६ सेंट बक्षीस जाहीर केले. २५६ म्हणजे दोनचा आठवा घात! पुष्कळांनी ते चेक वटवलेच नाहीत, चौकटीत घालून जपून ठेवले.

तेव्हा मंडळी, शाळेचा दाखला असो की सोसायटीचा अहवाल, त्याचा नमुना आखाल तेव्हा एक करा. छापायला देण्यापूर्वी तो अशा माणसाला भरायला द्या, की ज्याला त्यातले काही ठाऊक नाही. तो जिथे अडेल, तिथे दोष त्याचा नाही, नमुन्याचा. आणि चूक दाखवल्याबद्दल त्याला निदान एक कप चहा तरी पाजा!